उन्हाळ्यातील रोप आणि आपली जबाबदारी

वृक्षारोपणाचा खरा काळ पावसाळा होय. १९५० साली तत्कालीन केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी आरंभिलेला वनमहोत्सव जुलैत साजरा होतो, तो याच कारणाने. परंतु लग्न, वास्तुशांत, वडीलधाऱ्यांची पुण्यतिथी अशा निमित्तांनी आपल्याकडे चैत्र-वैशाखातही रोपे लावली जातात. या दिवसांत उटनूरला पारा ४० अंशांच्या पुढे जातो, आणि थोड्याच दिवसांत रोपाची वाळकी काडी उरते. मग दोष उन्हाला दिला जातो. हा न्याय बरोबर नाही, असे माझे मत आहे.

रोप का मरते? पिशवीतून काढताना त्याच्या बारीक मुळ्या तुटतात. पाने मात्र पूर्वीइतकेच पाणी हवेत सोडीत राहतात. जमा घटली आणि खर्च तेवढाच राहिला, तर कोणता संसार टिकेल? म्हणून नवी मुळे फुटेपर्यंत हा खर्च कमी केला पाहिजे. खड्डा आदल्या दिवशी भिजवावा. लागवड सायंकाळी करावी व मुळांभोवतीचा मातीचा गोळा फुटू देऊ नये. पश्चिमेस तुराट्यांचा किंवा पळसाच्या डहाळ्यांचा आडोसा उभारावा. आळ्यात सागाचा पाचोळा चार बोटे जाड पसरावा. तो खोडास मात्र टेकू नये.

कोणी म्हणेल, "माणसांना प्यावयास पाणी नाही, तेथे रोपाला कोठून आणावे?" हा आक्षेप रास्त आहे. आईने दुरून वाहिलेल्या हंड्यावर आपली हौस भागविणे शोभत नाही. पण भाज्या, तांदूळ धुतलेले पाणी रोपास चालते. ते वरवर शिंपडल्यास उन्हाने उडून जाते. त्यापेक्षा साधे मातीचे मडके रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरून त्यात भरावे व वर झाकण ठेवावे; म्हणजे ते हळूहळू मुळांपाशी झिरपते. चीनमधील सुमारे २००० वर्षांपूर्वीच्या शेतीग्रंथातही ही रीत सांगितली आहे.

विद्यार्थी मित्रांनो, ज्याला मृग नक्षत्रापर्यंत एवढी निगा राखणे शक्य नसेल, त्याने रोप पिशवीतच सावलीत सांभाळावे आणि पाऊस पडल्यावर लावावे. त्यात कमीपणा नाही. रोपांची मोजणीही लावण्याच्या दिवशी न करता पुढील मृगास करावी. तेव्हा जी हिरवी दिसतील, तीच आपण लावली असे म्हणण्याचा आपणास अधिकार आहे.