गुडघ्यासकट गुलमर्ग

माझा डावा गुडघा या सदराच्या वाचकांना नवा नाही. त्याचे पावसाळी उपद्व्याप मी इथे सांगितले तेव्हा नारायण तेलाच्या एवढ्या बाटल्या घरी आल्या की अजून संपलेल्या नाहीत. तेव्हा प्रस्तावना नको, या आठवड्यात डोकं कशाने तापलं तेच सांगते. गुलमर्गला पुन्हा जायचं मनात आहे म्हणून एका सहल कंपनीकडे चौकशी केली. त्यांनी फॉर्म पाठवला. नाव, वय, शाकाहारी की मांसाहारी, आणि मग ‘आपण शारीरिकदृष्ट्या तंदुरुस्त आहात का?’ पुढे दोन चौकोन, हो आणि नाही. मी दोन्ही कोरे ठेवून समासात लिहिलं, ‘उजवा पाय हो. डावा चढावर हो, उतारावर कुरकुरत, जिन्यात कठडा असेल तर हो.’ दुसऱ्या दिवशी तिथल्या मुलीचा फोन आला. ‘मॅडम, एकाच ठिकाणी टिक करा ना. सिस्टीम घेत नाहीये.’

म्युनिकच्या भाचीकडे गेले होते तेव्हा तिने मला शेजारच्या ऑस्ट्रियात बर्फावर नेलं होतं. (त्या प्रवासातल्या चहाबद्दल लिहिलं होतं, त्यावर आलेली रागाची पत्रं जपून ठेवली आहेत.) तिथे भाड्याने स्की देणाऱ्या दुकानातही फॉर्म होता, पण काय फॉर्म! वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी, आणि तुम्ही उतारावर कसे जाता: बिचकत, बेताबेताने की सुसाट. बूट स्कीला धरून ठेवणारा जो खटका असतो, त्याला बाइंडिंग म्हणतात. पडताना तो सुटला नाही तर स्कीबरोबर पाय पिरगळतो, आणि फारच लवकर सुटला तर भलत्या वेळी स्की पायातून निघते. म्हणून त्याची स्प्रिंग माणसागणिक लावतात. पन्नाशी उलटली की कोष्टकात एक पायरी खाली, म्हणजे खटका जरा लवकर सुटणारा. मी ‘बिचकत’वर खूण केली. दुकानातल्या पोराने मान वर न करता स्क्रू फिरवला आणि स्की हातात दिल्या. ‘या वयात?’ असं तो म्हणाला नाही. ते आमच्या वन्संनी म्हटलं. ‘वहिनी, घसरून पडायला एवढ्या लांब कशाला जायचं? आपलं बाथरूम काय वाईट आहे?’

वन्संना माहीत नाही की अधू पायांनी बर्फावर उतरायचा हा उद्योग फार जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात पाय गमावलेल्या सैनिकांनी कुबड्यांना छोट्या स्की ठोकल्या आणि उरलेल्या एका पायावर आल्प्सचे उतार उतरायला सुरुवात केली. १९४८ साली ऑस्ट्रियात बादगास्टाइनला त्यांची शर्यतही झाली. पहिलं हिवाळी पॅरालिम्पिक १९७६ साली स्वीडनमध्ये भरलं. कमरेखाली हालचाल नसलेली माणसं एका स्कीवर बसवलेल्या खुर्चीतून उतरतात. दृष्टी नसलेली माणसं पुढे जाणाऱ्या वाटाड्याच्या आवाजामागून जातात.

अशी खुर्चीवाली एक बाई मी तिथे अगदी जवळून पाहिली. पन्नाशीची असेल. पाय पट्ट्यांनी बांधलेले, खुर्चीखाली मोटरसायकलला असतो तसला जाड शॉक अॅब्सॉर्बर, दोन्ही हातांत टोकाला स्की लावलेल्या आखूड कुबड्या. उतारावर वर नेणाऱ्या पाळण्याच्या रांगेत ती माझ्या पुढे होती. पाळणेवाल्याने यंत्र किंचित मंद केलं, तिने कुबड्या रोवून स्वतःला खुर्चीसकट वर उचललं, आणि मागून आलेल्या पाळण्यावर ती बरोबर बसली. मी वर पोचले तोवर ती निम्मा उतार उतरून गेली होती. माझं तेव्हा हातमोज्याशी भांडण चाललं होतं.

आमच्या हाडांच्या डॉक्टरांचं म्हणणं सरळ आहे. स्कीइंग आधीपासून येत असेल तर सौम्य उतारावर हळूहळू करा. नव्याने शिकायची हौस असेल तर मुलांच्या उतारावरून पुढे जाऊ नका. आणि गुडघा बदलायची वेळ आली तर बदलल्यावर नवीन शिकायला मुळीच जाऊ नका. मी मधल्या गटात. त्यामुळे मागच्या खेपेला गुलमर्गला पोचले तेव्हा मुलांचा उतार ही माझी हद्द होती, आणि तिथे मला खूप करमलं. शिकवणाऱ्या काश्मिरी मुलाने पहिल्यांदा काय शिकवलं असेल? पडायला. ‘आंटी, पहले गिरना सीखो.’ मागे नाही, पुढे नाही, चढाच्या बाजूला कुशीवर. पडणं मला एका दमात जमलं. उठणं म्हणजे गुडघा दुमडून त्यावर भार देणं, आणि तिथे आमचं गाडं अडलं. मुलाने माझ्याकडे पाहिलं, गुडघ्याकडे पाहिलं, आणि काठीच्या टोकाने टाचेमागचा खटका दाबून एक स्की काढून टाकली. ‘ऐसे उठो.’ उठले. नंतर प्रत्येक वेळी तसंच. स्कीची टोकं जुळवून टाचा फाकवायच्या आणि वेग मारायचा, हे नवशिक्याचं मुख्य शस्त्र, पण त्यात गुडघ्यावर ताण येतो. म्हणून त्याने मला उतार आडवा कापत, लांब लांब वळणं घेत न्यायला सुरुवात केली. सात-आठ वर्षांची पोरं बाजूने सणसणत जायची आणि ‘सॉरी आंटी’ एवढंच ऐकू यायचं.

दुपारनंतर गुडघा संप पुकारतो, हे मला पक्कं ठाऊक. मग गोंडोला, म्हणजे रोपवे. गुलमर्ग साडेआठ हजार फुटांच्या वर आहे. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, दुसरा अफरवत डोंगराच्या खांद्यावर जवळपास १३ हजार फुटांपर्यंत. डबा स्थानकात पुरता थांबत नाही, गोगलगायीसारखा सरकत राहतो. मी दाराशी थबकले की तिथला माणूस दंडाला धरून आत ढकलतो, आणि त्या ढकलण्यात इतकी सफाई असते की अपमान वाटत नाही. वर वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येतं, चार पावलं टाकली की धाप लागते. ती तिशीतल्या तंदुरुस्त माणसांनाही लागताना पाहून मला जो आनंद झाला, तो लपवायचं कारण नाही.

मात्र गुलमर्गची खरी दुखणी बर्फावर नाहीत, गमबुटांत आहेत. वाटेवरच्या टंगमर्गला गाडी थांबली की दुकानदार धावत येतात. ‘या ताई, या, बघायला पैसे नाही!’ मराठी इतकं अस्खलित की आपण वाईला उतरलो असं वाटावं. लांब कोट आणि गमबूट भाड्याने. कोट कोणालाही होतो, कारण तो कोणालाच होत नाही. बुटांची मापं दोन: मोठं आणि त्याहून मोठं. आत आधीच्या गिऱ्हाइकाचा ओलावा. माझ्या गुडघ्याला या बुटांनी जेवढं छळलं तेवढं स्कीने नाही, कारण पाऊल आत पुढे-मागे सरकतं आणि प्रत्येक पावलाला गुडघा दचकतो. यावर माझा उपाय म्हणजे लोकरी मोज्यांवर आणखी लोकरी मोजे, आणि टाचेत वर्तमानपत्राचा बोळा. (हेच वर्तमानपत्र. जाड आहे, टिकतं.)

त्या बुटांवरूनच जळगावकडच्या एका कुटुंबाशी ओळख झाली. मुलगा, सून, दोन नातवंडं आणि पंच्याहत्तरीच्या पुढची आजी. नऊवारीवर कोट, डोक्याला मफलर. मुलाने आजीला चहाच्या टपरीवर बसवून ठेवलं होतं. ‘आई, तू इथंच बस, पाय घसरेल.’ आजी आणि मी शेजारी शेजारी. गुडघ्यांची विचारपूस झाली, तिचे दोन्ही माझ्या एकाहून वाईट निघाले. शेंगदाण्याची चटणी आणि दशमी निघाली. सूनबाई एकदा घसरगाडीत बसून वरून खाली आली, तेव्हा आजीने चटणीचा डबा बंद केला.

‘मला बी बसायचं त्यात.’

मुलगा घसरगाडीवाल्याशी भाव करायला लागला. तो एक आकडा सांगे, हा त्याच्या निम्मा. दोघंही खुशीत होते, घाई कोणालाच नव्हती. आजी उठली, बूट काढून माझ्या हातात दिले (‘ह्यात पाय नाचतुया’), दोन जोड मोज्यांवर चार पावलं चालली आणि दुसऱ्याच एका घसरगाडीवर जाऊन बसली. ‘तू घासाघीस कर, मी येते जाऊन.’ आजीची गाडी वर निघाली. मुलगा धावला, त्याच्यामागे पहिला गाडीवाला धावला, आणि बुटांचं भाडं तासावर होतं म्हणून दुकानदाराचा पोरगा माझ्याकडे आला.

‘ताई, हे बूट तुमचे का त्यांचे?’