आधी इंजिन, मग टर्बो

मंडळी, पस्तीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवलेल्या माणसाने मोटारीच्या इंजिनावर लिहायचं म्हणजे जरा अतीच, हे मला कळतं. पण वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. काळं ऑइल आणि रॉकेलचा वास लहानपणापासून ओळखीचा. शिवाय सध्या आमच्या घरात जो वाद पेटलाय त्यात प्रत्येकाने मत दिलंय, मग मीच का गप्प बसू?

वाद असा. थोरल्या भावाच्या मुलाची वाईजवळ रोपवाटिका आहे (घरचे वाचक ओळखतीलच). रोपं जुन्या डिझेल जीपमधून पसरणीचा घाट चढून पाचगणी-महाबळेश्वरकडे जातात. जीप हल्ली चढाला दम टाकते. त्याने सत्तर हजार बाजूला काढलेत. त्यात एकतर इंजिनाचं काम होईल, नाहीतर टर्बो बसेल. दोन्ही यंदा जमणार नाही. आणि जीप बंद पडली तर हंगाम गेला. त्याचा कल टर्बोकडे, माझं मत साफ उलट.

टर्बो म्हणजे लोहाराचा भाताच. एरवी सायलेन्सरमधून वाया जाणारा गरम धूर एक चाक फिरवतो, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचं चाक हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त म्हणून डिझेल जास्त जाळता येतं, म्हणून ताकद जास्त. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली याचं पेटंट घेतलं. कल्पना झकास आहे, माझा तिला विरोध नाही. आजच्या जवळजवळ सगळ्या डिझेल गाड्या टर्बोवाल्याच आहेत. पण तो दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, आणि तरंगतो कशावर, तर इंजिनाच्याच ऑइलच्या पातळ थरावर. म्हणजे इंजिनाची तब्येत तीच टर्बोची तब्येत.

आता या जीपची तब्येत पाहा. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण उघडलं की भसाभस धूर येतो. मेकॅनिक याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. रिंगा आणि लायनर झिजले की जळलेला गॅस पिस्टनच्या बाजूने खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतो. टर्बोतून परत येणारं ऑइल त्याच चेंबरमध्ये नुसतं आपल्या वजनाने खाली यायचं असतं. खालून दाब असेल तर ते येणार कसं? मग ते टर्बोच्या सीलमधून बाहेर पडतं, निळा धूर सुरू होतो, आणि लोक म्हणतात टर्बो खराब निघाला! क्रँकची बेअरिंगं झिजलेली असतील तर ऑइलचा दाबही कमी, आणि टर्बोची बेअरिंगं कोरडी पडायला फार वेळ लागत नाही.

डिझेलच्या बाबतीत आणखी एक भीती आहे. हवेच्या वाटेने ऑइल आत गेलं तर इंजिन तेच इंधन म्हणून जाळतं. डिझेल बंद केलं तरी ते थांबत नाही, उलट वेग वाढत जातो. हवेची वाट बंद केली तरच थांबतं. पसरणीच्या वळणावर, मागे रोपांचे क्रेट आणि शेजारी पोरगं बसलेलं असताना हा प्रसंग मला कल्पनेतही नको.

पुतण्या म्हणतो, "काका, दाब थोडाच ठेवू." थोडा दाबसुद्धा सिलिंडरमधला ताण आणि उष्णता वाढवतोच. आणि नव्या इंजिनालाही हे प्रकरण सोपं नसतं. अमेरिकेत ओल्ड्समोबिल कंपनीने १९६२ साली जेटफायर नावाची टर्बो मोटार काढली. पेट्रोल इंजिनाचं कॉम्प्रेशन तब्बल १०.२५ ला १ होतं. ते ठोके मारू नये म्हणून पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीतून आत सोडावं लागे. मालक ती टाकी भरायला विसरत. पुढे कंपनीनेच अनेक गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्ब्युरेटर बसवून दिले. ही कारखान्यातून कोरी करकरीत निघालेल्या गाडीची कथा. आपली जीप तर पार खिळखिळी!

मला खरा प्रश्न वेगळाच वाटतो. जीप चढाला दम टाकते, कारण तिचं मूळचं कॉम्प्रेशनच उरलेलं नाही. पुतण्याने ती जुनीच घेतली, धडधाकट असताना ती कशी चढत होती हे त्याने पाहिलेलंच नाही. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा, एअर फिल्टर बघा, नोझल आणि पंप तपासा. इंजिन नीट बांधल्यावर टर्बोची गरज वाटेलच असं नाही.

भंगार बाजारातून दुसरं इंजिन आणून टाकावं असंही एक मत निघालं. त्या इंजिनाने आधी काय भोगलंय ते कोण सांगणार? शिवाय इंजिन नंबर आरसीवर असतो, बदलायचा तर आरटीओची परवानगी हवी. टर्बोलासुद्धा मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येऊ शकतं, आणि अपघातानंतर विमावाले काय म्हणतील ते वेगळंच. त्यापेक्षा आपलंच इंजिन खोला. बोअर मापून ओव्हरसाइज पिस्टन किंवा नवे लायनर, क्रँक ग्राइंडिंग, बेअरिंगं, ऑइल पंप, हेडचं काम. पुढे टर्बो लावायचाच असेल तर ते लेथवाल्याला आणि मेकॅनिकला आत्ताच सांगावं, कारण जास्त उष्णतेने रिंगा फुगतात, त्यांच्या तोंडातली फट त्या हिशेबाने ठेवावी लागते. मग काही हजार किलोमीटर सांभाळून चालवा. तोवर क्लच, रेडिएटर आणि ब्रेक यांच्याकडेही बघून घ्या. ताकद वाढवायच्या गप्पांत ब्रेकचं नाव कुणी काढत नाही.

"इंजिनाला घातलेले पैसे दिसत नाहीत हो काका, टर्बो दिसतो," इति पुतण्या. यावर माझ्याकडे उत्तर नाही. वहिनींचं मत जीप विकून टाका असं आहे, आणि ते अगदीच चूक नाही. असो. कॉम्प्रेशन मोजायला त्याने होकार दिलाय, गेज आणणारा मेकॅनिक रविवारी येतोय. आकडे इथे लिहीनच.