परवान्याचे नवे गणित : किनाऱ्यावरच्या छोट्या संस्थांनी काय करावे?

व्यापार करणाऱ्याला बुडीत उधारीची जेवढी धास्ती असते, तेवढीच अचानक वाढलेल्या भाड्याची असते. गाळा आपलाच आहे असे समजून वीस वर्षे धंदा केला आणि एके दिवशी कळले की यापुढे दरसाल भाडे भरल्याशिवाय छप्पर दुरुस्त होणार नाही, तर त्या दुकानदाराचे काय होईल? संगणकावर कारभार चालविणाऱ्या अनेक संस्थांवर गेल्या दोन-अडीच वर्षांत हीच पाळी आली आहे. हा विषय मुंबई-पुण्याच्या मोठ्या कंपन्यांचा आहे, आपला नव्हे, असे आमच्या सिंधुदुर्गातील पुष्कळांना वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. पतसंस्था, रुग्णालये, काजू कारखाने, आंब्याचे निर्यातदार, तारकर्ली-मालवणची मोठी हॉटेले या सर्वांचे हिशेब आज कुठल्या ना कुठल्या सर्व्हरवर आहेत.

आधी मूळ गोष्ट समजून घेऊ. आपल्या किनाऱ्यावर रापण ओढतात तेव्हा जाळे एक आणि वाटेकरी अनेक असतात. व्हर्च्युअलायझेशन म्हणजे काहीसे तसेच. लोखंडी पेटीतला सर्व्हर एक, पण त्यावर हिशेबाचे, ईमेलचे, हजेरीचे असे अनेक स्वतंत्र संगणक चालतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण प्रत्येकाला वाटते की सगळे यंत्र आपलेच आहे. ही वाटणी करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये १९९८ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीचे नाव सर्वांत मोठे झाले. वीज वाचली, जागा वाचली, दहा पेट्यांचे काम दोन-तीन पेट्यांवर आले, म्हणून लोकांनी ते विश्वासाने घेतले.

मे २०२२ मध्ये ब्रॉडकॉम या कंपनीने सुमारे ६१ अब्ज डॉलरना व्हीएमवेअर घेण्याचे जाहीर केले आणि २२ नोव्हेंबर २०२३ रोजी व्यवहार पूर्ण झाला. डिसेंबर २०२३ मध्ये कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद झाली. जुन्या कायम परवान्यांच्या देखभाल कराराचे नूतनीकरणही थांबले. ज्यांच्याकडे जुना परवाना आहे ते तो वापरू शकतात, पण नवी आवृत्ती आणि नेहमीची मदत हवी असेल तर वर्गणी भरावी लागते. लहान संस्थांसाठी तीन सर्व्हरपुरता जो स्वस्त संच मिळत असे, तोही २०२४ अखेर विक्रीतून गेला. फुकट मिळणारी आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये परत आली. मात्र तिच्यामागे कंपनीची मदत नाही आणि ती मध्यवर्ती नियंत्रणाला जोडता येत नाही. धंद्याचा भार तिच्यावर टाकणे आम्हाला शहाणपणाचे वाटत नाही.

कंपनीची बाजूही सांगितली पाहिजे. पूर्वी सुट्या वस्तूंची यादी इतकी लांब होती की ग्राहक गोंधळत असे. आता थोडे संच आहेत आणि एका संचात पुष्कळ काही येते, असे कंपनी म्हणते. ज्याला ते सगळे लागते त्याला हा सौदा परवडतही असेल. प्रश्न आहे तो ज्याला त्यातले चार आणेच लागतात त्याचा.

आता गणित पाहा. पूर्वी परवाना प्रोसेसरमागे असे आणि ३२ कोअरपर्यंत एकच परवाना पुरे. आता मोजणी कोअरमागे होते आणि एका प्रोसेसरमागे किमान १६ कोअरचे पैसे द्यावे लागतात. एखाद्या पतसंस्थेकडे तीन सर्व्हर आहेत, प्रत्येकात दोन प्रोसेसर आणि प्रत्येक प्रोसेसरला आठ कोअर, असे धरू. खरे कोअर झाले ४८, बिल येते ९६ चे. आठ वल्ह्यांच्या होडीला सोळा वल्ह्यांचे भाडे, तेही दरसाल! म्हणून नवा सर्व्हर घेताना कमी प्रोसेसर आणि प्रत्येकात पूर्ण १६ कोअर हा विचार प्रथम करावा. एका प्रोसेसरचे १६ कोअरचे तीन सर्व्हर घेतले तर खरे कोअर तेवढेच ४८ राहतात आणि बिलही ४८ चेच येते.

दुसरा मुद्दा साठवणीचा, आणि इथेच लोक जास्त फसतात. व्हीएमवेअरच्या वरच्या संचांत सर्व्हरमधल्याच डिस्क एकत्र करून सामाईक साठा बनविण्याची सोय येते. मधल्या संचात कोअरमागे पाव टीबी, सर्वांत मोठ्या संचात कोअरमागे एक टीबी. म्हणजे वरच्या उदाहरणातील ९६ कोअरच्या बिलावर मधल्या संचात २४ टीबी. पण ही कच्ची मोजणी आहे. प्रत्येक नोंदीच्या दोन प्रती ठेवल्या की हातात १२ उरतात. साध्या, स्वस्त संचात ही सोय मुळीच नाही. तेव्हा दरपत्रकातील टीबी वाचताना ‘कच्चे की वापरायचे?’ हा प्रश्न विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे.

ज्यांना दुसरी वाट हवी त्यांच्यासाठी ती आहे. व्हिएन्नाच्या प्रॉक्समॉक्स कंपनीची प्रणाली खुली आहे, तिचा वापर विनामूल्य आहे, आणि मदत हवी असेल तर वर्गणी आहे. मार्च २०२४ मध्ये तिने व्हीएमवेअरवरील यंत्रे थेट उचलून आणण्याची सोय दिली. मायक्रोसॉफ्टची हायपर-व्ही विंडोज सर्व्हरबरोबर येते, न्यूटॅनिक्सही आहे. पण एक लक्षात ठेवावे. वाटणीचे सॉफ्टवेअर फुकट मिळाले तरी त्यावर चालणाऱ्या विंडोजचा परवाना फुकट होत नाही, आणि तोही कोअर मोजूनच मिळतो.

साठवणीचे पर्याय आमच्या मते तीन. पहिला, दोन सर्व्हर, दोघांत आपापल्या डिस्कच्या जोड्या, आणि एकावरून दुसऱ्यावर दर पंधरा मिनिटांनी नक्कल. एक यंत्र बंद पडले तर शेवटच्या काही मिनिटांचे काम जाईल, पण संस्था दुपारपर्यंत पुन्हा उभी राहील. दुसरा, सर्वांसाठी एकच साठवण-पेटी. सोपी आहे, पण ती पेटी बिघडली की सगळेच बंद. तिसरा, सेफसारखी वाटून ठेवलेली साठवण. तिला किमान तीन सर्व्हर आणि वेगवान जाळे लागते, आणि नेहमीच्या रचनेत तीन प्रती ठेवल्या जात असल्याने २४ टीबीचे आठच उरतात. पाच-दहा शाखांच्या पतसंस्थेला आम्ही पहिलाच पर्याय सुचवू.

यात किनाऱ्याचा विचार वेगळा करावा लागतो. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यंत्राला मानवत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने विजेचे खांब लोळविले आणि कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली, हे आपण विसरलो नाही. अशा वेळी शेजारच्या खोलीतली दुसरी प्रत उपयोगाची नसते. एक प्रत घाटावर, कोल्हापूर-बेळगावकडे कुठेतरी असलीच पाहिजे. आणि वर्षातून दोनदा ती उघडून पाहिली पाहिजे. न उघडलेली प्रत म्हणजे न मोजलेली थैली.

‘मग सगळे दुसऱ्याच्या केंद्रातच का ठेवू नये?’ असे कोणी विचारील. ठेवावे, पण डोळे उघडे ठेवून. ३१ जुलै २०२४ रोजी सहकारी व ग्रामीण बँकांना सेवा देणाऱ्या सी-एज कंपनीवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा घाला पडल्यामुळे देशाच्या पैसे देवाणघेवाणीच्या यंत्रणेने तिला तात्पुरते तोडले. सुमारे ३०० लहान बँकांचे व्यवहार अडकले. दुसऱ्याच दिवशी सेवा सुरू झाली हे खरे, पण खातेदार काउंटरवर येतो तेव्हा तो कारण विचारत नाही, पैसे मागतो.

घाईने पळू नये, हेही आम्ही तेवढ्याच आग्रहाने सांगतो. बँकिंगचे सॉफ्टवेअर पुरविणारा जर ‘नव्या प्रणालीवर आम्ही जबाबदार नाही’ म्हणत असेल, तर वाचलेले पैसे एका बिघाडात जातील. उलट जुन्याच आवृत्तीवर डोळे मिटून बसणेही नको. सातव्या आवृत्तीचा नेहमीचा आधार २ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आठवीचा ऑक्टोबर २०२७ मध्ये संपेल. मार्च २०२५ मध्येच आतल्या एका यंत्रातून बाहेर पडून मूळ सर्व्हरवर ताबा मिळविता येईल अशा त्रुटी उघड झाल्या होत्या, आणि हल्लेखोर त्या वापरतही होते.

एटी अँड टीसारखी बलाढ्य कंपनी ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयात गेली आणि नोव्हेंबरमध्ये तडजोड झाली. ब्रिटनच्या टेस्कोने २०२५ मध्ये दावा लावला. आपल्या पतसंस्थेला लंडन-न्यूयॉर्कचे वकील परवडणारे नाहीत. आपल्या हातात करार सही करण्यापूर्वीचा वेळ तेवढा आहे. म्हणून संचालकांनी आपले कोअर, आपले टीबी आणि कराराची शेवटची तारीख एका कागदावर लिहून काढावी. तीन वर्षांच्या करारावर सही करण्याआधी एका जुन्या सर्व्हरवर खुली प्रणाली सहा महिने चालवून पाहावी. तालुक्यातील चार संस्थांनी मिळून एक जाणकार माणूस नेमावा. मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनातून दरवर्षी मुले शिकून बाहेर पडतात आणि मुंबईची गाडी धरतात. दरसाल परदेशी जाणाऱ्या भाड्यातला काही भाग त्यांच्या पगाराला लागला, तर विद्या जिल्ह्यात राहील आणि पुढच्या वेळी कोणी भाडे वाढविले तर आपल्याला ‘नको’ म्हणता येईल. ज्या व्यापाऱ्याला ‘नको’ म्हणता येत नाही, त्याच्याशी कोणी सौदा करीत नाही, त्याला फक्त भाव सांगतात.