अ‍ॅनिमे फसला की दिग्दर्शक ट्रोल होतो, पण निर्णय नेमका कोण घेतं?

मार्च २०२१. 'द प्रॉमिस्ड नेव्हरलँड' या गाजलेल्या अ‍ॅनिमेचा दुसरा सीझन संपत आला होता. शेवटच्या दोन भागांच्या श्रेयनामावलीत पटकथेसाठी कुणाचंच नाव नव्हतं. चाहत्यांनी ते लगेच हेरलं.

प्रकरण काय होतं?

कैउ शिराई यांनी लिहिलेली ही मांगा २०१६ ते २०२० या काळात 'शोनेन जंप' साप्ताहिकात आली. २०१९ च्या पहिल्या सीझनचं कौतुक झालं. दुसऱ्या सीझनने मात्र 'गोल्डी पाँड' हे चाहत्यांचं लाडकं कथानक वगळलं आणि उरलेली गोष्ट ११ भागांत गुंडाळली. या सीझनच्या लेखनात खुद्द शिराईही होते. स्टुडिओ क्लोव्हरवर्क्स आणि दिग्दर्शक मामोरू कानबे दोन्ही सीझनला तेच होते. मग फक्त दिग्दर्शकाला दोष कसा द्यायचा?

निर्णय कुठे होतात?

बहुतेक अ‍ॅनिमेंमागे 'निर्मिती समिती' असते. प्रकाशक, टीव्ही वाहिनी, संगीत कंपनी असे भागीदार त्यात पैसे घालतात. बजेट किती, भाग किती, प्रसारण कधी, हे सहसा तिथेच ठरतं. दिग्दर्शक त्या चौकटीत काम करतो. मूळ लेखकाचं म्हणणंही अनेकदा प्रकाशकाच्या संपादकामार्फतच पुढे जातं.

जपानी कायद्यानुसार लेखकाच्या इच्छेविरुद्ध त्याच्या कलाकृतीत बदल करता येत नाहीत. पण निरोप वाटेतच अडकला तर हा हक्क कागदावरच राहतो.

हे इतकं गंभीर का?

हिनाको आशिहारा यांच्या 'सेक्सी तानाका-सान' या मांगावर २०२३ मध्ये निप्पॉन टीव्हीवर मालिका आली. ती अ‍ॅनिमे नव्हती, पण वाद हाच होता. मांगाशी इमान राखावं, अशी आशिहारा यांची अट होती. अखेर शेवटचे दोन भाग त्यांनी स्वतः लिहिले. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी ऑनलाइन आपली बाजू मांडली आणि सोशल मीडियावर पटकथालेखिकेवर टीकेची झोड उठली. आशिहारा यांनी पोस्ट काढून टाकली, माफीही मागितली. पाठोपाठ त्यांच्या मृत्यूची बातमी आली.

वाहिनी आणि प्रकाशक यांनी नंतर स्वतंत्र चौकशी अहवाल दिले. त्या अटी दोन्हीकडे वेगवेगळ्या समजल्या गेल्या होत्या, हे त्यांतून दिसलं. लोकांचा राग मात्र श्रेयनामावलीतल्या एका नावावर निघाला होता.