आधी निदान, मग नवा पार्ट

पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी गचके खाऊ लागली की बऱ्याच गॅरेजांत अंदाजाने दुरुस्ती सुरू होते. आधी प्लग, मग कॉइल, मग फ्युएल पंप. शेवटी काहीतरी लागू पडते. पण तोवर धडधाकट पार्ट भंगारात जातात आणि त्यांचा भुर्दंड मालकाला बसतो. दोष शोधणे हेच दुरुस्तीतले मुख्य काम आहे. मालकाने त्याचे वेगळे पैसे द्यावेत आणि गॅरेजने दोषाचा पुरावा दाखवावा.

असा पुरावा मिळवणे अवघड नाही. गचका नेमका केव्हा बसतो, इथून उलगडा सुरू होतो. फक्त क्लच सोडताना गाडी थरथरत असेल, तर क्लच प्लेट आणि इंजिनाचे माउंटिंग पाहावे. क्लच पूर्ण सुटल्यावरही, हलक्या ॲक्सिलरेटरवर गचके बसत असतील, तर थ्रॉटल बॉडीतला कार्बन, हवेची गळती आणि इग्निशन तपासावे. पेट्रोल गाडीत स्कॅनरने पी०३०१ हा कोड दाखवला, तर पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर होत आहे एवढेच कळते, कारण कळत नाही. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असेल, तर पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करून गाडी पुन्हा चालवावी. कोड बदलून पी०३०२ आला, तर कॉइल खराब. तो पी०३०१ च राहिला, तर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशनमध्ये दोष शोधावा. या चाचणीला एकही नवा पार्ट लागत नाही.

मुरलेला मेकॅनिक आवाजावरूनच दोष ओळखतो, असे म्हटले जाईल. कोणती चाचणी आधी करायची हे अनुभव सांगतो. पण म्हणून चाचणी टाळता येत नाही. तपासणीचे पैसे गिऱ्हाईक देत नाही, ही गॅरेजवाल्यांची तक्रार मात्र खरी आहे. त्यामुळेच कमाई पार्ट विकण्यावर येऊन ठेपते, आणि ही सवय मालकांनीच मोडायला हवी. छोट्या गॅरेजांकडे साधने नाहीत, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. पण त्याचा रोख कंपन्यांकडे असायला हवा. स्वतंत्र गॅरेजांना अस्सल सुटे भाग आणि निदानाची साधने सहज मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. दुरुस्तीची माहिती आणि साधने वाजवी दरात खुली करणे कायद्याने बंधनकारक व्हावे. तोवर मालकांनी प्रत्येक बिलावर कोणती चाचणी केली आणि त्यात काय आढळले, हे लिहून मागावे.