माल आणि माणसे एकाच गाडीत? पिकअप घेण्यापूर्वी थोडा हिशेब

सायझिंगमधून बीम कारखान्यात पोहोचवायचे, तयार ताके पेढीवर आणायचे, गाठी बांधून ट्रान्सपोर्टच्या गोदामात टाकायच्या. मालेगावसारख्या यंत्रमागाच्या गावात हे काम रोजचे. भाड्याच्या टेम्पोवर महिन्याला जाणारा पैसा पाहून प्रत्येक लहान व्यापाऱ्याला वाटते की, स्वतःची पिकअप असावी. आणि हा विचार घरात निघाला की लगेच दुसरी मागणी पुढे येते : गाडी घ्यायचीच आहे, तर घरच्यांनाही कामाला यावी. लग्नाला, दवाखान्यात, नातेवाइकांकडे, ईदच्या दुसऱ्या दिवशी फिरायला सर्वांना जाता यावे. ही मागणी गैर नाही. दोन गाड्या पोसण्याची ऐपत आपल्यापैकी थोड्यांचीच. परंतु माल आणि माणसे यांचा मेळ कोणत्या गाडीत बसतो आणि कोणत्या गाडीत बसत नाही, हे ओळखून घेतले नाही तर गाडीपायी घर जाण्याची वेळ येते. म्हणून आमच्या व्यापारी आणि कारागीर बंधूंपुढे हा विषय ठेवीत आहोत.

आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. गाडी कोणतीही घ्या. हौद्यात माणसे बसवून घराची गरज भागवायची असा इरादा असेल, तर ती गाडी घेऊ नका.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८ चा. या कायद्यात मालवाहू गाडीची जी व्याख्या आहे तिचे दोन भाग आहेत. केवळ माल नेण्यासाठी बांधलेली गाडी ही मालवाहू गाडी, आणि तशी बांधलेली नसली तरी माल नेण्यासाठी वापरली जात असताना कोणतीही गाडी मालवाहूच. म्हणजे पांढऱ्या पाटीची घरगुती व्हॅन घेऊन तिच्यात रोज ताके भरणाऱ्यानेही निश्चिंत राहू नये. अपघात झाला की विमा कंपनी पहिल्यांदा विचारते ते हेच, की गाडी कशासाठी नोंदवली होती आणि त्या वेळी कशासाठी चालली होती.

पिकअपच्या हौद्यात बसलेल्या माणसांबाबत तर प्रश्न फार पूर्वीच मिटला आहे. १९९४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि मालवाहू गाडीतून जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी याला सक्तीच्या विम्याचे संरक्षण मिळाले. त्यापुढे जाऊन १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात फुकट बसलेल्या प्रवाशांची भरपाईही विमा कंपनीवर टाकली गेली होती. पण डिसेंबर २००२ मध्ये आशा राणी प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकाल बदलला. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाची भरपाई देण्याची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असे ठरले. २००७ च्या आणखी एका निकालात न्यायालयाने सांगितले की, मालाचा मालक म्हणजे जो केबिनमध्ये बसून जातो तो. तेव्हा हौद्यात चार पातेली आणि दोन गाद्या ठेवून वऱ्हाडातल्या तीस जणांना ‘मालाचे मालक’ म्हणण्याची युक्ती चालत नाही.

याचा अर्थ व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचा तर, हौद्यातला माणूस जखमी झाला किंवा दगावला तर भरपाई गाडीमालकाच्या खिशातून. काही प्रकरणांत न्यायालय विमा कंपनीला आधी पैसे भरायला सांगते. पण तीच रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभाही देते. शेवटी बोजा एकाच्याच डोक्यावर येतो. भरपाईची रक्कम मेलेल्या माणसाचे वय, त्याची कमाई आणि त्याच्यावर अवलंबून असलेली तोंडे पाहून ठरते. कमावता तरुण गेला तर ती लाखांत जाते.

आमच्या बाजारातल्या एका पेढीवर हे गुजरले आहे. नाव सांगत नाही. लग्नाहून परतताना पिकअप रस्त्याच्या कडेला कलंडली. हौद्यात सगळे घरचे आणि शेजारचे होते. जे गेले त्यांच्या घरच्यांशी वैर नव्हते, पण त्यांचीही मुले लहान होती आणि त्यांनी दावा केला तो हक्काचाच होता. कंपनीने हात वर केले. चार माग विकले, प्लॉट विकला, भावाभावांत बोलणे बंद झाले. गाडी त्यांनी भाडे वाचवण्यासाठी घेतली होती.

वजनाची वही

आता निवडीकडे येऊ. शोरूममध्ये जाण्याआधी एक महिना वही ठेवा. रोज किती माल, किती वजनाचा, किती लांबीचा, किती फेऱ्या आणि गल्ली किती रुंद, एवढे लिहा. सुताची गोणी पन्नास किलोची धरली तर बारा गोण्यांचे सहाशे किलो झाले. आपण ‘थोडाच माल आहे’ म्हणतो तो काट्यावर निघतो तेव्हा टनाच्या वर जातो.

टाटांची छोटा हत्ती, म्हणजे एस, २००५ मध्ये आली. ती पाऊण टनाची. अरुंद गल्लीत तिच्यासारखी गाडी नाही, पण केबिनमध्ये चालक आणि एकच जण. तिला कुटुंबाची गाडी समजू नये. बोलेरो पिकअपसारख्या मोठ्या गाड्या दीड-पावणेदोन टनापर्यंत माल नेतात, हौदा आठ-नऊ फुटांचा, केबिनमध्ये चालकाशेजारी बसायची सोय. तिसरा प्रकार डबल केबिनचा. बोलेरो कॅम्परसारख्या गाडीत चालक धरून पाच जण दाराआड, छताखाली, सीटवर बसतात आणि मागे साधारण एक टन माल जातो. मात्र केबिन वाढली तेवढा हौदा आखडला. बीम नेणाऱ्याने शोरूममध्ये फीत घेऊन जावे आणि हौदा आतून मोजावा. फाळका उघडा टाकून, दोरीने बांधून निम्मा बीम बाहेर लोंबत नेणे हे मागच्या मोटारसायकलवाल्याच्या जिवाशी खेळणे आहे.

चौथा प्रकार शौकाचा. इसुझूची व्ही-क्रॉस २०१६ मध्ये आणि टोयोटाची हायलक्स २०२२ मध्ये आपल्याकडे आली. या गाड्या खाजगी पासिंगच्या, आरामाच्या आणि पंचवीस-तीस लाखांच्या घरातल्या. हौदा मोठा दिसतो म्हणून त्या एक टन माल नेतील असे समजू नका. कागदावर त्यांची माल नेण्याची मर्यादा कामाच्या पिकअपहून खूप कमी आहे. ताके आणि गोण्या वाहणाऱ्याच्या कामाची ही वस्तू नाही.

मर्यादेपेक्षा जास्त माल भरण्याची आपल्याकडे जी सवय आहे तिच्याविषयीही बोलले पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा मालाला वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार असा दंड कायद्यात आहे. दंड एक वेळ भरता येईल. पण रोज जादा माल ओढलेल्या गाडीचे पाटे बसतात, ब्रेक झिजतात, टायर आतून खचतात, आणि त्याच गाडीत रविवारी मुलांना बसवायचे असते. दोन्ही कामांची गाडी ठेवणाऱ्याने मालाच्या बाबतीत इतरांपेक्षा जास्त कडक असले पाहिजे. रिकामी पिकअप मागून हलकी असते, उतारावर आणि ओल्या रस्त्यावर मागची बाजू घसरते, हेही घरच्यांना घेऊन निघताना ध्यानात असावे.

दोन वाटांचा हिशेब

एक उदाहरण मांडतो. समजा रोज दीड टन माल आहे. एका केबिनची मोठी पिकअप एका फेरीत तो नेते. डबल केबिनला दोन फेऱ्या लागतात. जादा फेरी बारा किलोमीटरची धरली आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले, तर ३,६०० किलोमीटर झाले. लिटरला बारा किलोमीटर पडले तर तीनशे लिटर डिझेल. नव्वद रुपये लिटर धरून सत्तावीस हजार रुपये. हमालाचा आणि चालकाचा वेळ वेगळा. दुसऱ्या बाजूने, वर्षात आठ वेळा घरच्यांसाठी जीप भाड्याने घेतली आणि दिवसाला साडेतीन हजार दिले, तर अठ्ठावीस हजार होतात. दोन्ही रकमा जवळपास सारख्याच. मग ज्याचा माल रोज टनाच्या वर आहे त्याने एका केबिनची मोठी गाडी घ्यावी आणि लग्नकार्याला परवान्याची जीप किंवा बस करावी. ज्याचा माल टनाच्या आत आहे आणि घरात पाच माणसे आहेत, त्याला डबल केबिन खरोखरच उपयोगी. त्याची जादा फेरी होत नाही आणि भाडे वाचते. आपले आकडे घालून हाच हिशेब प्रत्येकाने करावा.

मात्र पाच म्हणजे पाच. घरात नऊ माणसे असतील तर डबल केबिनचा उपयोग नाही, कारण उरलेली चार माणसे शेवटी हौद्यातच चढतात. त्या घराने माल भाड्याच्या टेम्पोने नेऊन स्वतःची गाडी माणसांसाठी घेतली तर तेही शहाणपणाचेच.

कागदपत्रांच्या चार गोष्टी

पहिली गोष्ट पावतीची. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला मालवाहू गाडीवर भरलेल्या कराचे क्रेडिट मिळते. कंपोझिशनवाल्याला मिळत नाही. तेरापर्यंत आसनांच्या माणसांच्या गाडीवर सर्वसाधारण व्यापाऱ्याला ते मिळत नाही. म्हणून डबल केबिन घेताना बिलावरचा कोड पाहावा : ८७०४ म्हणजे माल नेणारी, ८७०३ म्हणजे माणसे नेणारी. गाडी घरकामालाही वापरली तर क्रेडिट आणि घसारा धंद्यातल्या वापरापुरताच मागता येतो. कराच्या रकमेवर घसारा घेतला तर तिचे क्रेडिट जाते. हिशेबनिसाला हे खरेदीआधी विचारावे.

दुसरी गोष्ट लायसन्सची. साडेसात टनांपर्यंतच्या गाडीला साधे हलक्या वाहनाचे लायसन्स चालते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो कायम केला. त्यामुळे मुलगा पिकअप चालवू शकतो. पण शिकाऊ लायसन्सवर मालाची गाडी त्याच्या हाती देऊ नये.

तिसरी गोष्ट फिटनेसची. पिवळ्या पाटीच्या गाडीला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस लागते. रोखीने जुनी गाडी घेणाऱ्याने, आणि व्याजाचे कर्ज नको म्हणून आपल्यापैकी पुष्कळ जण तशीच घेतात, फिटनेस आणि विमा यांच्या तारखा व्यवहाराआधी पाहाव्यात. आर.सी. नावावर झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये. स्वस्त मिळालेली गाडी दुरुस्तीला किती खाईल, हे ओळखीच्या मिस्त्रीला दाखवून ठरवावे.

चौथी गोष्ट पॉलिसीची. आम्ही उर्दू शाळेत शिकलो, मराठी धंद्याने शिकवली, आणि पॉलिसी येते इंग्रजीत. अनेकांचे असेच आहे. लाज न बाळगता ती कोणाकडून तरी वाचून घ्यावी. गाडीचा वापर कशासाठी, किती माणसे बसण्याची परवानगी, चालकाबरोबर हमालासाठी जादा हप्ता भरला आहे की नाही, मालक-चालकाचा पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आहे की नाही, या चार ओळी शोधाव्यात. थर्ड पार्टी विमा हा रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाचा हक्क आहे. तो एक दिवसही तुटू देऊ नये.

घरच्यांनाही विचारा

गाडी पसंत करायला आपल्याकडे बाप, मुलगा आणि मिस्त्री जातात. मागच्या सीटवर बसणाऱ्या बाईला कोणी नेत नाही. डबल केबिन घेणार असाल तर घरातल्या वडीलधाऱ्या बाईला नेऊन मागे बसवून पाहा. पायरी चढता येते का, गुडघे अडतात का, पट्टा लागतो का, लहान मूल मांडीवर न घेता बसवता येते का, हे तिला पाच मिनिटांत कळेल. मालाच्या वजनासाठी केलेले ताठ पाटे पाठीला किती धक्का देतात, हेही एक फेरी मारल्यावर तीच सांगेल.

आणि गाडी आल्यावर पहिल्याच आठवड्यात घरात आणि मोहल्ल्यात सांगून टाकावे की, हौदा मालाचा आहे. शेजारी बारातीसाठी गाडी मागायला येईल. नाही म्हणताना जड जाते, नाते दुखावते. त्या वेळी नुसते नाही म्हणू नये. जीपच्या भाड्यात आपलेही काही पैसे घालावेत. हजार-दोन हजार रुपयांत शेजार राखला जातो, आणि त्याची मुले सीटवर बसून सुखरूप घरी येतात.