आयता साचा, आपली जबाबदारी

रमजानच्या महिनाभर आधी भाचीने विचारले, “मामू, सहरी-इफ्तारची वेळ रोज मोबाईलवर आपोआप आली तर?” कॉलेजात ती पायथॉन शिकते. आम्ही म्हणालो, बिस्मिल्लाह कर. दोन संध्याकाळींत बॉट बोलू लागला. तो विश्वासू व्हायला मात्र तीन आठवडे लागले. आज त्या तीन आठवड्यांबद्दल लिहितो, कारण पुष्कळ घरांतली मुले आता असे प्रयोग करू लागली आहेत.

सुरुवात सोपी असते. टेलिग्रामवर ‘बॉटफादर’ नावाचा अधिकृत बॉट आहे. त्याला नवा बॉट हवा असे सांगितले की तो नाव विचारतो आणि टोकन म्हणून अक्षर-अंकांची एक लांब ओळ देतो. बॉटचा कोड कोऱ्या कागदावरून लिहावा लागत नाही. इंटरनेटवर तयार नमुने, म्हणजे स्टार्टर टेम्प्लेट, फुकट मिळतात. अशा फोल्डरमध्ये मुख्य कोड, लागणाऱ्या लायब्ररींची यादी आणि ‘रिडमी’ नावाची माहितीची फाईल असते. आधी ‘रिडमी’ शेवटपर्यंत वाचावी. मग त्या प्रकल्पापुरते पायथॉनचे वेगळे आवरण तयार करून त्यातच लायब्ररी बसवाव्यात, म्हणजे संगणकावरची दुसरी कामे बिघडत नाहीत.

बहुतेक नमुने पहिल्यांदा एकच काम करतात: आपण लिहू तेच परत पाठवतात. आम्ही सलाम लिहिला, बॉटनेही तोच सलाम परत केला. सलामाचा जवाब त्याहून चांगला द्यावा, अशी आपली शिकवण. म्हणून भाचीने कोडमध्ये पहिला बदल केला तो हाच. आता बॉट ‘व अलैकुम अस्सलाम व रहमतुल्लाह’ म्हणतो. घरात सगळे खूश!

टोकनच्या बाबतीत भाचीला बजावून सांगितले. टोकन म्हणजे घराची किल्ली. ते ज्याच्या हाती पडेल, तो आपल्या बॉटच्या नावाने कुणालाही काहीही पाठवू शकतो. म्हणून ते मुख्य कोडमध्ये लिहू नये. वेगळ्या फाईलमध्ये ठेवावे आणि कोड मैत्रिणींना देताना किंवा इंटरनेटवर चढवताना ती फाईल वगळावी. चुकून बाहेर गेलेच, तर बॉटफादरकडून जुने टोकन रद्द करून नवे घ्यावे.

यानंतर आमची फजिती झाली. चाचणीसाठी इफ्तारचा संदेश संध्याकाळी 6:45 ला लावला. सगळे मोबाईलकडे बघत बसले. मगरिब झाली, इशा झाली, बॉट गप्प. रात्री 12:15 ला मोबाईल वाजला, ‘इफ्तारची वेळ झाली’! साच्यातले घड्याळ जागतिक प्रमाणवेळेचे होते आणि आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. एक ओळ बदलली, काम झाले. सगळे पोट धरून हसले.

दुसरी चूक हसण्यासारखी नव्हती. अम्मींनी बॉटची सहरीची वेळ मशिदीच्या वेळापत्रकाशी ताडून पाहिली आणि म्हणाल्या, “हा तर बारा मिनिटं जास्त देतोय. हे टाइमटेबल कुठल्या गावचं?” प्रश्न अचूक होता. फजरची वेळ सूर्य क्षितिजाखाली किती अंश आहे यावर काढतात. साच्यात उत्तर अमेरिकेत वापरली जाणारी 15 अंशांची पद्धत होती. कराचीच्या विद्यापीठाची पद्धत 18 अंश धरते. रत्नागिरीसारख्या ठिकाणी या तीन अंशांनी बारा-तेरा मिनिटांचा फरक पडतो. बॉटवर विसंबून एखाद्याने त्या मिनिटांत पाण्याचा घोट घेतला असता, तर? कोड बिनचूक चालत होता, पडद्यावर एकही लाल ओळ नव्हती आणि रोजा मात्र धोक्यात होता.

मग एकेक गोष्ट तपासली. असरसाठी साच्यात शाफई मसलक धरला होता. कोकणातल्या आमच्या घरी ते चालते, पण सूनबाईंचे माहेर नागपूरचे, हनफी. तिथे वस्तूची सावली दुप्पट झाल्यावर असर होते. शिवाय मार्चच्या सुमारास नागपूरला सूर्य आमच्यापेक्षा वीस-पंचवीस मिनिटे आधी मावळतो. म्हणजे एकच संदेश दोन्ही घरांना पाठवणे चूकच.

शेवटी वेळेचा हिशोब बॉटकडून काढून घेतला. मशिदीचे महिन्याचे वेळापत्रक तक्त्यात भरले. भाचीने टाईप केले, अम्मींनी मोठ्याने वाचले, आम्ही ताडून पाहिले. दोन आकडे चुकलेले सापडले. नंतर पेश इमाम साहेबांना दाखवून त्यांची संमती घेतली. संदेशात गावाचे नाव आणि ‘मशिदीच्या वेळापत्रकानुसार’ हे शब्द घातले. नागपूरकरांना सांगितले, तुमचा तक्ता पाठवा, वेगळा लावू.

आणखी एक पथ्य. टेलिग्रामवर बॉट आपणहून कुणाला पहिला संदेश पाठवू शकत नाही. समोरच्याने ‘स्टार्ट’ दाबावे लागते. ती त्याची परवानगी समजावी. त्यानंतर फक्त त्याचा चॅट क्रमांक ठेवावा. नाव, फोन, पत्ता गोळा करू नये. ही लोकांची अमानत आहे. कुणी नको म्हटले की तो क्रमांकही पुसावा.

आयता साचा जरूर घ्यावा, त्यात कमीपणा नाही. पण साचा लिहिणाऱ्याने आपले गाव, आपले घड्याळ, आपली पद्धत त्यात भरलेली असते. ‘चालतंय’ एवढ्यावर थांबू नये, ‘कुणासाठी बरोबर आहे’ हेही विचारावे. मुलांना कोड येतो. तो प्रश्न विचारायला मात्र घरातली वडीलधारी माणसे शेजारी बसायला हवीत. यंदा इन्शाअल्लाह तुमच्या घरी असा बॉट झालाच, तर पहिला संदेश अम्मींना पाठवा आणि त्या काय म्हणतात ते ऐका.